तांब्याच्या दागिन्यांची झळाळी

(हाताने घडवलेले तांब्याचे दागिने नवे असताना लखलखतात आणि थोड्याच दिवसांत काळवंडतात. असे का होते आणि ते कसे टाळता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

तांब्याची कोरी तार तुम्ही पाहिली आहे का? विजेच्या वायरीच्या तुकड्यावरचे प्लॅस्टिक सोलले, की आत बारीक, गुलाबी झाक असलेल्या तारा दिसतात. तो तांब्याचा खरा रंग. लोखंड, चांदी, कथील, जस्त, ॲल्युमिनियम हे आपल्या नेहमीच्या ओळखीचे धातू कमीअधिक पांढरे किंवा करडे असतात. रंगीत म्हणावेत असे रोजच्या पाहण्यातले शुद्ध धातू दोनच, सोने आणि तांबे. पण सोन्याचा रंग वर्षानुवर्षे तसाच राहतो. तांब्याची तार मात्र खिडकीत ठेवून द्या. काही दिवसांनी ती तपकिरी दिसू लागेल आणि एखादा पावसाळा गेला, की काळपट होईल.

ही तार वळवून किंवा तांब्याचा पत्रा ठोकून कानातले, बांगड्या, अंगठ्या, गळ्यातली पदके तयार करता येतात. तांबे सोन्याचांदीपेक्षा फार स्वस्त आहे. एक लहान हातोडी, एक पक्कड, एक ऐरण आणि थोडी तार एवढ्यावर काम सुरू होते. त्यामुळे घरी बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बाईलाही हा धंदा परवडतो. अडचण येते ती विक्रीनंतर. प्रदर्शनात चमकणारे कानातले गिऱ्हाईक आवडीने घेते. पंधरा दिवसांनी ते काळे पडते आणि कानाच्या पाळीवर हिरवा डाग दिसतो. गिऱ्हाइकाला वाटते, धातू नकली होता, आपण फसलो. खरे पाहता शुद्ध तांबेच असे वागते. पण ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. ते पुन्हा त्या दुकानाकडे फिरकत नाही आणि आपल्या ओळखीच्या लोकांनाही तिकडे जाऊ देत नाही. म्हणजे प्रश्न चमकेचा दिसला, तरी त्याच्याशी कोणाची तरी चूल बांधलेली असते.

तांब्याचे काम करणाऱ्या कारागिराला मराठीत तांबट म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडवली जातात. पत्रा ठोकताना त्यावर एकसारख्या बारीक खुणा उमटवतात. या कामाला मठारकाम म्हणतात. त्या खुणांमुळे प्रकाश अनेक दिशांना फाकतो आणि भांडे जास्त उजळ दिसते. शिवाय ठोकल्यामुळे तांबे कडक होते. या ठोक्यांचा आवाज लोकांच्या कानात इतका बसला, की ‘टुक टुक टुक’ असे एका लयीत ओरडणाऱ्या छोट्या हिरव्या पक्ष्यालाही मराठी माणसाने तांबट हेच नाव दिले. उन्हाळ्यात वड-पिंपळावर तो हमखास ऐकू येतो.

आता काळेपणाकडे वळू. हवेत ऑक्सिजन असतो. तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की कॉपर ऑक्साइड तयार होते. सुरुवातीला तयार होणारे ऑक्साइड तांबडे असते. त्याचा थर इतका पातळ असतो, की आपल्याला फक्त चमक कमी झाल्यासारखी वाटते. पुढे थर जाड होतो. रंग तपकिरी आणि शेवटी काळा होतो. कोरड्या हवेत हे काम फार सावकाश चालते. ओलावा असला, की ते वेगाने होते. पावसाळ्यात धातूवर पाण्याचा एक अदृश्य पापुद्रा बसतो. हवेतले वायू आणि धूळ त्यात मिसळतात. समुद्राकाठच्या हवेत मिठाचे कणही असतात. म्हणून मालेगाव किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेपेक्षा मुंबई-रत्नागिरीच्या हवेत तांबे लवकर काळवंडते. आच दिली तर वाटच पाहावी लागत नाही. तांब्याची तार जाळावर धरली, की काही क्षणांत तिच्यावर काळी खपली धरते.

तांब्याचा दुसरा शत्रू म्हणजे गंधक. अंडी, कांदा, लसूण, लोकर आणि रबर या सर्वांत गंधक असते. गंधकाच्या वाफा तांब्याला लागल्या, की कॉपर सल्फाइड हा काळा पदार्थ तयार होतो. त्यामुळे कांदा चिरताना हातातली अंगठी काढून ठेवावी. दागिना रबर बँडमध्ये गुंडाळून किंवा लोकरीच्या कपड्यात बांधून तर कधीच ठेवू नये. पुष्कळ जण नेमके हेच करतात आणि मग हवेला दोष देतात.

तिसरा शत्रू आपल्या अंगावरच असतो. घामात मीठ असते आणि थोडी आम्लेही असतात. त्यांच्यामुळे तांब्याचे हिरवट क्षार बनतात आणि त्वचेवर उतरतात. हा हिरवा डाग साबणाने धुतला, की जातो. त्यापासून सहसा इजा होत नाही. सतत हातात असलेल्या कड्याची एक गंमत पाहा. कपड्यांना आणि त्वचेला घासून त्याच्या कडा चकचकीत राहतात. आतल्या बाजूला, जिथे घाम साचतो, तिथे ते काळे-हिरवे होते. सांधेदुखी बरी होते म्हणून असे कडे घालणारे लोक पुष्कळ आहेत. २०१३ साली इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या ७० रुग्णांवर घेतलेल्या याच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कड्याचा उपयोग होतो, असे त्यांना दिसले नाही. आवडत असेल तर कडे जरूर घालावे, पण औषध सोडू नये.

या हिरव्या पदार्थाचे नाव उर्दू वाचणाऱ्यांना परके नाही. फारसी आणि उर्दूत त्याला जंगार म्हणतात. त्यावरून हिरवट रंगाला जंगारी म्हणतात. मराठीतही जंगार आणि जंगाल हे शब्द आले आहेत. पूर्वी तांब्याचे पत्रे सिरक्याच्या वाफेवर ठेवून मुद्दाम जंगार बनवत. तो खरवडून घेऊन चित्रांसाठी हिरवा रंग तयार करत. इराणमधील जुन्या हस्तलिखितांत हा सुंदर हिरवा रंग दिसतो. पण जंगार कागदाला खातो. काही ठिकाणी चित्रातली हिरवी चौकट तेवढी जळल्यासारखी होऊन कागदातून सुटलेली आढळते. इराणी चित्रकारांना हे ठाऊक होते. त्यामुळे ते जंगारात थोडे केशर मिसळत. आधुनिक प्रयोगांतही केशरामुळे कागदाचे रक्षण होते, असे दिसून आले आहे. ही हकीकत इथे सांगण्याचे कारण असे, की सिरका, लिंबू, चिंच यांसारखी आम्ले तांबे उजळतात आणि तीच आम्ले तांब्यावर राहून गेली तर जंगार धरवतात. दागिने करणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

काळे पडणे म्हणजे खराब होणे, असे मात्र समजू नका. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो गळून पडतो आणि आतले लोखंड पुन्हा गंजते. तांब्याचा थर तसा नसतो. तो धातूला चिकटून बसतो आणि आतल्या तांब्याला पांघरूण घालतो. अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आहे. त्याचे अनावरण १८८६ साली झाले. त्याचे बाहेरचे अंग तांब्याच्या पत्र्याचे असून पत्र्याची जाडी अडीच मिलिमीटरहूनही किंचित कमी आहे. सुरुवातीला पुतळा तांब्याच्या रंगाचा होता. पुढे तो तपकिरी झाला आणि साधारण १९२० पर्यंत संपूर्ण हिरवा झाला. मध्यंतरी त्याला रंग द्यावा, असा विचार निघाला होता. लोकांनी विरोध केला आणि पुतळा हिरवाच राहिला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात शतकाहून जास्त काळ उभा राहूनही त्याचा पत्रा फारच थोडा झिजला आहे.

पण कानातले घेणाऱ्याला पुतळ्याचा हिरवा रंग नको असतो. त्याला नवे, गुलाबी तांबेच हवे असते. मग उपाय एकच. तांबे आणि हवा यांची गाठ पडू द्यायची नाही.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांत ताक, आमटी, चिंचेचे पदार्थ ठेवले, की ते कळकतात आणि असे अन्न पोटात गेले तर अपाय होतो. म्हणून भांड्यांना आतून कल्हई करतात. कल्हईवाला भांडे तापवतो, त्यावर नवसागर टाकतो आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतो. उर्दूत नवसागराला नौशादर म्हणतात. कल्हई हा शब्द अरबीतल्या कलई या शब्दावरून आला, आणि त्याचा अर्थ कथील. वरचा पांढरा लेप निघून आतले तांबे दिसू लागले, की उर्दूत कलई खुलली असे म्हणतात. खोटेपणा उघडा पडला, यासाठीही हाच वाक्प्रचार वापरतात. दागिन्याला अर्थात कल्हई चालणार नाही. तिने तांबे वाचेल, पण त्याचा रंगच झाकला जाईल. दागिन्याला आरपार दिसणारे पांघरूण हवे.

ते पांघरूण घालण्याआधी दागिना अगदी स्वच्छ असावा लागतो. माझ्या मते, सारे काम इथेच बिघडते किंवा सुधारते. तांब्याचे दोन तुकडे जोडताना कारागीर डाख देतो. त्या वेळी टाकणखार वापरतात. उर्दूत त्याला सुहागा म्हणतात. डाख दिल्यावर टाकणखाराचे अंश सांध्यात राहतात. वर काळी खपलीही धरलेली असते. ती काढण्यासाठी दागिना लिंबाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून बुडवतात. आम्लात काळा थर विरघळतो आणि मिठामुळे हे काम लवकर होते. तांबे पाहता पाहता गुलाबी होते. इथे घाई करणारा माणूस दागिना नुसता पुसतो आणि बाजूला ठेवतो. तारेच्या वेटोळ्यांत, सांध्यांत, नक्षीच्या खाचांत आम्ल आणि मीठ तसेच राहते. चार दिवसांनी तिथून हिरवे ठिपके बाहेर येतात. म्हणून आम्लातून काढलेला दागिना खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा. सोड्याने उरलेले आम्ल मारले जाते. नंतर मऊ ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवावे, फडक्याने टिपावे आणि उन्हात किंवा कोमट जागी पूर्ण वाळू द्यावे. राखेने किंवा दंतमंजनाने घासल्यास बारीक ओरखडे पडतात. भांड्याला ते चालतात, दागिन्याला नाही. तीव्र आम्लांना तर घरात हातही लावू नये.

वाळलेला दागिना उघड्या बोटांनी धरू नये. बोटांना तेल आणि घाम असतो. उजळलेल्या तांब्यावर आज बोट टेकवले, तर काही दिवसांनी तिथे बोटाचा काळा ठसा स्पष्ट उमटलेला दिसतो. तो ठसा लेपाखाली अडकला तर पुसताही येत नाही. त्यामुळे हातात सुती मोजे घालावेत किंवा दागिना दोऱ्याने टांगून काम करावे.

सर्वांत सोपा लेप मेणाचा. दागिना हाताला सोसवेल इतका कोमट करावा. त्यावर मधमाश्यांचे मेण अगदी थोडे चोळावे आणि मऊ कापडाने घासून जास्तीचे काढून टाकावे. दिसायला काहीच दिसत नाही, पण पाणी टाकले तर ते मण्यासारखे गोळा होऊन घरंगळते. मेणाचा दोष एवढाच, की ते वापराने पुसले जाते. तीनचार आठवड्यांनी ते पुन्हा लावावे लागते. मात्र ते कोणालाही घरी लावता येते, ही त्याची मोठी सोय.

दुसरा लेप पारदर्शक लॅकरचा. तो मेणापेक्षा खूप टिकतो. त्याचे दोन पातळ थर द्यावेत. एक जाड थर दिला, तर तो ओघळतो आणि पुढे त्याला तडे जातात. लॅकरच्या वाफा छातीत जाणे चांगले नाही, म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि मोठ्या माणसांनीच करावे. लॅकरमध्ये सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले, तरी त्यातून हवा आत शिरते आणि लेपाखाली काळा डाग पसरू लागतो. मग सगळा लेप काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काही जण रंगहीन नेलपॉलिश लावतात. ते स्वस्त आहे, हाताशी आहे. पण ते कालांतराने पिवळे पडते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. विकायच्या दागिन्याला ते लावू नये, असे मला वाटते.

वस्तुसंग्रहालयांत जुनी तांब्याची शिल्पे आणि नाणी जपण्यासाठी बेंझोट्रायझोल नावाचे रसायन वापरतात. ते तांब्याच्या पृष्ठभागाशी बांधले जाऊन डोळ्यांना न दिसणारा संरक्षक थर तयार करते. हे काम प्रशिक्षित माणसांचे आहे. ते रसायन घरी आणण्याजोगे नाही.

लेपाने काय साधते, हे पाहायचे असेल तर एखाद्या जुन्या, बिघडलेल्या पंख्याची मोटर पाहा. तिच्यात गुंडाळलेली तांब्याची तार कित्येक वर्षांनंतरही लालसर दिसते. त्या तारेवर कारखान्यातच एक पातळ, पारदर्शक लेप दिलेला असतो. तो खरे म्हणजे वीज एका वेढ्यातून दुसऱ्या वेढ्यात जाऊ नये म्हणून असतो. पण त्यामुळे हवाही आत जात नाही. तार जिथे कापलेली असते, तेवढे टोक मात्र काळे पडलेले दिसते.

दागिना कोणता, यावरही लेप ठरवावा लागतो. कानातले फारसे कशाला घासत नाही, त्यामुळे त्यावर लॅकर दीर्घकाळ टिकते. गळ्यातल्या पदकाला मेण बरे. अंगठी मात्र दिवसभर पाण्यात, साबणात, पिठात जाते, वस्तूंना घासते. तिच्यावर कोणताही लेप फार दिवस राहत नाही. इथे कारागिराने गिऱ्हाइकाला सरळ सांगावे, की ही अंगठी काळी पडेल, लिंबू-मिठाने पुन्हा उजळेल, आणि बोट हिरवे झाले तर घाबरू नका. दोन ओळींची अशी चिठ्ठी डबीत घातली, तर तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक दुसरी अंगठी घ्यायला येण्याचा संभव जास्त. काळी पडणार नाही अशी हमी देणाऱ्यापेक्षा हा कारागीर अधिक विश्वासाचा.

वापरणाऱ्यालाही थोडी काळजी घ्यावी लागते. अत्तर, तेल, पावडर आधी लावावी आणि दागिना शेवटी घालावा. अंघोळीच्या वेळी तो काढून ठेवावा. उतरवल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसून तोंड बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. पिशवीतली हवा दाबून काढावी. नव्या औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी असते. ती पिशवीत टाकली तर उत्तम. ती नसेल तर कोरड्या खडूचा तुकडाही थोडाफार ओलावा शोषून घेतो.

काळा रंग नेहमी नकोसाच असतो, असेही नाही. कर्नाटकातील बिदर येथील बिदरी काम प्रसिद्ध आहे. त्यात जस्तामध्ये थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात आणि तिच्यावर चांदीची नक्षी बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून ते मिश्रण गरम करून वस्तूला लावतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच पांढरी राहते. तांब्याचे दागिने करणारेही कधी कधी नक्षीच्या खाचा मुद्दाम काळ्या करतात आणि उंच भाग घासून उजळतात. नक्षी उठून दिसते, आणि असा दागिना पुढे थोडा काळवंडला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

हे सारे तुम्हांला वर्गात करून पाहता येईल. तांब्याच्या साध्या तारेचे बोटभर लांबीचे पाच तुकडे घ्या. लिंबू-मिठाने उजळून, सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन वाळवा. पहिला तुकडा खिडकीत उघडा ठेवा. दुसरा घामेजलेल्या हाताने चोळून त्याच्याशेजारी ठेवा. तिसऱ्याला मेण लावा आणि तोही तिथेच ठेवा. चौथा खडूच्या तुकड्याबरोबर बंद पिशवीत घाला. पाचवा मात्र उकडलेल्या, अर्ध्या कापलेल्या अंड्याबरोबर एका बंद डब्यात ठेवा. तार अंड्याला टेकू देऊ नका आणि ते अंडे नंतर खाऊ नका. अंड्याच्या डब्यातली तार काही तासांतच रंग बदलू लागेल. बाकीच्या चार तुकड्यांसाठी दर आठवड्याला तारीख घालून वहीत रंगाची नोंद करा. पावसाळ्यात हा प्रयोग लवकर आटोपतो.

एक गोष्ट मात्र उजळायला घेऊ नका. महाराष्ट्रात काही घरांत जुन्या शिवराया सापडतात. शिवराई हे तांब्याचे नाणे. शिवाजी महाराजांच्या काळात ती सुरू झाली आणि पुढे दीर्घकाळ चलनात राहिली. जमिनीत किंवा पेटीत पडून तिच्यावर तपकिरी, कधी हिरवट थर चढलेला असतो. चिंच लावून घासली तर ती चमकेल खरी, पण त्या थराबरोबर झिजलेली अक्षरेही जातील. मग ती कोणत्या राजाच्या काळातली, हे जाणकारालाही ओळखता येणार नाही. अशी शिवराई मिळाली, तर कोरड्या मऊ कापडाने वरची धूळ तेवढी टिपावी आणि तिला कागदाच्या स्वच्छ पाकिटात जपून ठेवावे.